जुव्यावरचा मांडव

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अजून अंदाजाने ठरवते, आणि अंदाज येत नाही तिथे ती अशी अर्धवट काढते की वाचणाऱ्याने हवी ती समजावी. वाचणारं कोणी नाही, तरी माफी मागून ठेवते. काका असते तर म्हणाले असते, "बाय, माफी कसली मागतेस? आवडलं नाही तर पैसे परत, असं वर लिहून टाक."

पावसात जुव्यावरची सफर बंद असते. हाताला काम नाही, म्हणून हे लिहायला बसले. काकांना जाऊन दोन पावसाळे झाले. ते कसे होते हे मी कोणाला तोंडाने सांगू शकणार नाही. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, लहानपणापासून.

गाव त्यांना बोटवाले म्हणायचं. आमच्याकडे जहाजावर नोकरीला असलेल्या माणसाला 'बोटीवर आहे' म्हणतात. काका उभा जन्म बोटीवर होते. तिथे ते श्रीमंत उतारूंना जेवण आणि वाइन वाढायचे. एकदा कुठल्याशा देशात बोट थांबली. उतारूंना लहान होडीत घालून एका बेटावर नेलं. त्या बेटावर द्राक्षांचा मळा होता, मांडवाखाली टेबलं होती. उतारू बसले, त्यांना तिथली वाइन चाखायला दिली. काका बाटल्यांची पेटी धरून उभे होते. दुपारी सगळे परत बोटीवर. एवढंच. तो अर्धा दिवस काकांच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही.

मी एकदा विचारलं होतं, सफरीला येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही जुव्यावर अर्धाच दिवस का ठेवता. म्हणाले, "अर्धा दिवस बरा असतो. पूर्ण दिवस राहिलं की माणसाला दोष दिसायला लागतात."

खाडीच्या मधोमध जे बेट असतं त्याला आम्ही जुवं म्हणतो. आमच्या जुव्यावर पूर्वी दोन-चार घरं होती. उन्हाळ्यात विहीर मचूळ होते म्हणून ती उठून गेली. काका नोकरीतून सुटले, त्यांची बायको वारली, त्यानंतर त्यांनी मुंबईची राहती खोली विकली आणि त्या पैशात जुव्यावरची जागा घेतली, टाकी बांधली, कातळ फोडून खड्डे केले, खड्ड्यांत माती भरली आणि द्राक्षं लावली.

रत्नागिरीत द्राक्षं. शेतकी खात्याचा माणूस बघायला आला. म्हणाला, "इथली हवा द्राक्षाला सोसत नाही." काका म्हणाले, "मलाही सोसत नाही. मी राहतोच ना?"

वेली चढायला त्यांनी मांडव घातला आणि पावसासाठी वर प्लास्टिक टाकलं. गावाला थट्टेला विषय मिळाला. कोणीही भेटलं की विचारायचं, "बोटवाले, मांडव घातलात, नवरी कधी येतेय?" काका हसून पुढे जायचे. तो प्रश्न त्यांना कुठे लागत होता ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

वेलींना त्यांनी नावं दिली होती. बोटीवरच्या चिकट उतारूंची नावं. "ही केबिन बाराची म्हातारी. महिनाभर सेवा करून घेतली, उतरताना हात हलवला फक्त. हा ढेरपोट्या कर्नल. हा रोज म्हणायचा, उद्या देतो." सकाळी कात्री घेऊन मांडवाखाली फिरताना ते एकेकीला झापत असायचे. अंगात बोटीवरचा पांढरा कोट, पितळी बटणांचा, त्यातलं एक बटण हरवलं म्हणून तिथे शर्टाचं लावलेलं. आणि कोटाखाली लुंगी. पाहुणे आले तरी लुंगीच. म्हणायचे, "टेबलाच्या वर जेवढं दिसतं तेवढंच कपड्यात असावं लागतं."

द्राक्षं लागायची, नाही असं नाही. कधी ओंजळभर, कधी टोपलीभर. त्यातली बुलबुल खायचे, उरलेली करपायची. म्हणून सफरीला येणाऱ्यांना जी वाइन चाखायला मिळायची ती नाशिकहून परवान्यावर आणलेली असायची. काका ते लपवत नसत. पाहुणे टेबलाला बसले की पहिलं वाक्य हेच. "ही नाशिकची आहे. आमची कशी होती ते बुलबुलांना विचारा."

एकदा एक गृहस्थ चिडले. "मग एवढं होडीत घालून इथे आणलंत कशाला?"

"मांडवाखाली बसायला," काका म्हणाले.

वाइन द्यायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी पहिल्या ग्लासातला घोट राखणदाराच्या, म्हणजे जुवं राखणाऱ्या देवाच्या, दगडावर. मग पाहुण्यांना. "आधी वास. मग घोट. मग गप्प." हे गप्प कोणालाच जमायचं नाही. काका हात वर करून उभे राहायचे, खाडीकडे बघत, आणि पाहुणे एकमेकांकडे बघून हसू दाबायचे. पांढरीबरोबर तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, गुलाबीबरोबर कोलंबी, आणि लाल वाइनबरोबर कुळथाची पिठी आणि भात. हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. पिठी बघून मुंबईची माणसं गोंधळायची, पण पुन्हा मागून घ्यायची.

ते स्वतः घेत नसत. नुसता वास घ्यायचे. आणि पाहुण्यांसमोर कधी बसत नसत. मी म्हटलं, काका, मळा तुमचा, टेबल तुमचं, बसा ना. म्हणाले, "मी वाढणारा माणूस आहे. मला कोणी बस म्हटल्याशिवाय बसता येत नाही." मी नुकतंच म्हटलं होतं, पण ते धरलं नाही. कोणी म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

धक्क्यावर त्यांनी स्वतः रंगवलेला बोर्ड होता. अजून आहे. सफरीची माहिती आणि खाली मोठ्या अक्षरांत: वाइन आवडली नाही तर पूर्ण पैसे परत. कोणीही कधी परत मागितले नाहीत. सगळे म्हणायचे, छान, मस्त, फारच सुंदर. काकांचं तोंड उतरायचं. "तोंड वाकडं करतात आणि छान म्हणतात. बोटीवर पण हेच. कोणी एक माणूस खरं बोलत नाही." मलाही एकदा त्यांनी लाल वाइन चमच्याने चाखायला दिली. मला ती शाईसारखी लागली. त्यांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "चांगली आहे." ते म्हणाले, "तू पण," आणि चमचा धुवायला घेऊन गेले.

मी त्यांच्याकडे लागले ती भावामुळे. मी भावाच्या घरी राहायचे. माझा नवरा मुंबईला कामाला गेला तो परत आला नाही. मेला म्हणून निरोप नाही, सोडलं म्हणून कागद नाही. मंगळसूत्र घालते, पण हळदीकुंकवाला मला बोलावत नाहीत. सवाष्ण की काय हे गावाला ठरवता येईना, आणि विचारायचं तरी कोणाला. काका भावाला म्हणाले, स्वयंपाकाला बाई हवी. भाऊ म्हणाला, "ही आहे, पण बोलणार नाही." काका म्हणाले, "बोलायला मी आहे. दोघं बोललो तर पाहुणे पळतील."

पहिल्या दिवशी ताटं घेऊन बाहेर जायची वेळ आली आणि माझे पाय उठेनात. काकांनी ताटं स्वतः नेली. दुसऱ्या दिवशी करवत आणली आणि स्वयंपाकघराच्या बांबूच्या तट्ट्यात कापून एक खिडकी केली, ताट जाईल एवढी. "यातून दे. बाहेर यायची गरज नाही." नंतर त्या खिडकीला त्यांनी फळी लावली, ताट टेकवायला. मी त्या खिडकीतूनच सगळं बघितलं. माझं तोंड किती पाहुण्यांनी बघितलं असेल मला माहीत नाही, पण माझे हात पुष्कळांनी बघितले.

होडी पांडूमामांची. पांडूमामा माडी काढणाऱ्यांच्या घरातले, वाइनला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. "ह्या लाल पान्याला दारू म्हनत नायत, बोटवाले. माडी पिऊन मानूस गातो. ही पिऊन मानसं नुसते फोटो काढतायत." सफरीच्या पैशातला होडीचा वाटा काका त्यांना सकाळीच द्यायचे. मामा तो कनवटीला लावायचे आणि दिवसभर कुरकुरायचे. खाडीवर पूल नव्हता तेव्हा त्यांच्या वडलांची तर होती, म्हणजे माणसं पार नेणारी होडी. मामांच्या तोंडी नेहमी ते असायचं. "माझ्या बापसान गावच्या लेकीकडना कधी तरीचे पैसे घेतलान नाय. म्हायेरपनाला येतेय ना, बस म्हनायचा. आता लेकी पुलावरना गाडीतना येतायत. कोनाला फुकट नेऊ?"

वेली बांधायच्या दिवसांत काकांनी मला त्यांच्या मुलीचं सांगितलं. वेलीची नवी फूट मांडवाला बांधावी लागते. सुतळीने बांधली तर ती सोलली जाते, म्हणून जुन्या कापडाच्या चिंध्या लागतात, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. काका एक पोपटी साडी फाडत बसले होते. मी म्हटलं, मी फाडते. तर दिली नाही. "ही हिची आहे," म्हणाले. हिची म्हणजे त्यांच्या बायकोची. थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "मुलीला विचारलं नाही मी. खोली विकताना. तिचं लग्न झालं होतं, मला वाटलं, तिला काय. ती म्हणाली, तू माझं माहेर विकलंस. तेव्हापासून बोलत नाही. फोन केला तर जावई उचलतो." मग बराच वेळ फाडण्याचा आवाज. "मी विकलं नाही गो. जागा बदलली फक्त. पण ती येऊन बघेल तेव्हा ना."

एका वर्षी द्राक्षं बरी आली होती. काकांनी मच्छरदाणी शिवून घडांना घातली आणि बुलबुलांकडून वाचवली. त्या द्राक्षांची त्यांनी घरच्याघरी एक बाटली केली. ती कोणाला दिली नाही. तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती. कोणासाठी ते मला आता कळलं होतं.

मुलगी आली तेव्हा खिडकीतून मला ती साधी पाहुणीच वाटली. दोघी होत्या. एक मोठी गवताची टोपी घातलेली, तोंडाची टकळी थांबत नव्हती, सफर तिनेच ठरवलेली. दुसरी निळ्या ड्रेसातली, काळा चष्मा, गप्प. काका खिडकीशी आले. त्यांनी फळीवरचं ताट उचललं आणि तसंच परत ठेवलं.

"बाय, ती आली आहे."

"कोण?"

"निळ्या ड्रेसातली. काही बोलू नकोस."

मी कधी बोलत होते? पण त्या दिवशी त्यांनाच ते मला सांगावंसं वाटलं.

त्यांनी ओळख दिली नाही आणि तिनेही दिली नाही. तिला ते "मॅडम" म्हणत होते आणि ती त्यांना "तुम्ही" म्हणत होती. टोपीवालीला काहीच माहीत नव्हतं. काकांनी सगळं रीतसर केलं. राखणदाराचा घोट, नाशिकचं वाक्य, अर्ध्या दिवसाचं वाक्य, आधी वास, मग घोट. "मग गप्प," म्हणाले आणि हात वर केला. त्या दिवशी पहिल्यांदा एक पाहुणी खरोखर गप्प राहिली. काकांनाच हात खाली आणायचं सुचेना.

पिठी-भात झाला. आता निघायची वेळ. जुव्यावरून ओहोटीच्या आत निघावं लागतं, नाहीतर होडी चिखलात बसते आणि संध्याकाळी पाणी चढेपर्यंत हलत नाही. वेळ झाली की काका बोटीवरची एक घंटा वाजवायचे. कधी चुकले नाहीत. त्या दिवशी घंटेखाली उभे राहिले आणि वाजवलीच नाही.

धक्क्यावरून मामा ओरडले, "ओ बोटवाले, पानी चाल्ला."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? होडी बसेल."

"बसू दे."

होडी बसली. मामा चिखल तुडवत वर आले. "राखनदाराला रोज सरबत पाजताव, आज अडवलान बगा त्यान. माझा दिवस फुकट गेला. आज जाळी टाकायची व्हती माला." काका त्यांच्याकडे न बघता पाहुण्यांना म्हणाले, "माफ करा मॅडम. ओहोटी लागली. आता संध्याकाळीच."

टोपीवाली म्हणाली, "अय्या, मस्त. मग मी झोपते," आणि खरंच आतल्या खाटेवर जाऊन झोपली.

निळ्या ड्रेसातली म्हणाली, "तुम्हीच मघाशी सांगितलंत ना, पूर्ण दिवस राहिलं की दोष दिसतात?"

"आज दिसू देत," काका म्हणाले.

ती उठून मांडवाखाली फिरायला लागली. काका दोन पावलं मागे, पेटी धरल्यासारखे. त्यांनी तिला केबिन बाराची म्हातारी दाखवली, कर्नल दाखवला. ती हसली नाही. मग एका वेलीशी थांबली. चष्मा काढला. बोटाने एक चिंधी धरली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. सगळ्या मांडवाला जागोजागी तो पोपटी रंग होता.

"आईच्या साड्या पण फाडल्यात."

"सुतळी काचते वेलीला," काका म्हणाले. "मऊ कापडच लागतं. दुसरं मऊ असं घरात काही नव्हतं."

चिंधी सुटली होती ती तिने पुन्हा बांधली. गाठ मारताना तिचे हात अगदी काकांसारखे दिसले, अंगठा आत घेऊन.

काका माझ्याकडे आले. "डब्यामागची बाटली दे." मी दिली. त्यांनी ती पुसली, टेबलावर ठेवली, एक ग्लास भरला. "मॅडम, ही मात्र आमची आहे."

तिने वास घेतला. घोट घेतला. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता छान म्हणेल आणि सगळं संपेल. तिचं तोंड आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं, ग्लास दूर सरकवला.

"बाबा, हे तू चाखलंयस तरी का? नुसतं व्हिनेगर आहे. घाण लागतंय."

'तू' म्हणाली. दोघांच्याही ते लक्षात आलं. काका इतके खूश झालेले मी कधी बघितले नव्हते. "आवडली नाही?"

"बाबा, कोणालाच नाही आवडणार."

"शाबास," काका म्हणाले. "शाबास."

"तू उभा का आहेस मघापासून? बस ना."

ते बसले. कोट सावरून, खुर्चीच्या अगदी कडेवर. मी तिथे स्वयंपाकघरात उभी राहून उगाचच भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

त्या दुपारी ती दोघं भांडली. खोलीवरून, आईवरून, लग्नात काका नीट बोलले नाहीत त्यावरून. मी सगळं ऐकलं, ते लिहीत नाही. भांडण चांगलं लांबलचक झालं, मध्ये दोनदा चहा झाला. तिने एवढंच शेवटी सांगितलं, "बघायला आले होते, कशासाठी विकलंस."

संध्याकाळी पाणी चढलं. टोपीवाली उठली. काका पाकीट घेऊन आले आणि मुलीपुढे पैसे धरले. "आवडली नाही ना? बोर्डावर लिहिलंय."

"मला आवडली बाई," टोपीवाली म्हणाली. "माझे नकोत."

मुलगी म्हणाली, "मला पण नकोत. पैसे देऊन आले म्हणून तुझ्याशी भांडता आलं. गिऱ्हाईक म्हणून आले, तशीच जाते."

"परत येशील?"

"बघू."

आमच्याकडे बघू म्हणजे नाही. काकांचा हात तसाच पुढे राहिला. मग ते खिडकीशी आले, खिडकीतून न बोलता वळसा घालून दारात आले.

"बाय, बाहेर ये. तिची ओटी भर."

मी म्हटलं, "काका, मी नको. मला कोणी..."

"तुझा नवरा कुठे आहे ते तुला माहीत नाही, मला नाही. तुझे हात कुठे आहेत ते माहीत आहे. तिची आई नाही. मी पुरुषमाणूस. राहिलं कोण?"

मी बाहेर आले. ताटात तांदूळ घेतले, नारळ घेतला. हळद डब्यातली. कुंकू नव्हतं, टोपीवालीने पर्समधून लिपस्टिक काढून दिली, तीच बोटाने लावली. खण कुठला आणायचा, तर काकांनी पोपटी साडीचा उरलेला तुकडा आणला, फाडायचा राहिलेला, पदराकडचा. तिला ना पदर, ना ओढणी. ती घोटाळली. मग मैत्रिणीच्या डोक्यावरची टोपी काढून तिने दोन्ही हातांनी पुढे धरली. मी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, कापड ठेवलं. काकांनी माझ्या हातात पैसे दिले, तेही ठेवले.

"बाबा," ती म्हणाली.

"ओटीतलं परत देत नाहीत," मी म्हटलं. पाहुण्यांशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिने टोपीत बघितलं. "पण हे पूर्ण नाहीत."

"होडीचा वाटा मामाकडे आहे," काका म्हणाले. "तो त्याने द्यायचा."

मामा धक्क्यावरून म्हणाले, "आज नाय. माझी होडी दिवसभर चिकलात व्हती. पुढच्या खेपेला."

"म्हणजे मला परत यावं लागणार?"

"मंग. उधारी वसूल करायची तर यावा लागल."

ती आली. दिवाळीनंतर आली, मग उन्हाळ्यात नवऱ्याला घेऊन आली. छाटणी शिकली. केबिन बाराच्या म्हातारीला काकांपेक्षा जास्त झापायची. दर वेळी जाताना मी ओटी भरायचे, आणि ती धक्क्यावर उतरताना विचारायची, "मामा, माझे पैसे?" मामा म्हणायचे, "पुढच्या खेपेला." काका खाडीकडे बघत उभे असायचे, आणि त्यांचं तोंड आम्हाला कोणाला दिसू नये अशी काळजी घ्यायचे.

काका वारले ते रत्नागिरीच्या दवाखान्यात. फार दिवस अंथरुणाला नव्हते. मुलगी जवळ होती. मला तिने सांगितलं, शेवटी वाइनचा एक चमचा मागितला आणि "आंबट आहे" म्हणाले.

दिवसकार्य झालं आणि ती जुव्यावर आली. दिवसभर मांडवाखाली बसून होती. मला वाटलं, आता ही जागा विकेल. बाप नाही, आई नाही, कोणासाठी यायचं. तिने विकण्याचं काढलं नाही, पण येण्याचंही काढलं नाही. पाणी चढलं तशी ती उठली. दुखवट्यात ओटी भरत नाहीत, म्हणून मी ताट घेतलं नाही, नुसती धक्क्यापर्यंत गेले. ती होडीशी थांबली. त्या दिवशी तिने मामांना पैशांचं विचारलं नाही.

मामांनी कनवटीला हात घातला. घडी घालून मऊ झालेली एक नोट काढली, तीच त्या दिवसाची की दुसरी, मला माहीत नाही.

"हे घे. तुझे ऱ्हायलेले."

तिने हात मागे घेतला. "मामा, आज नको. पुढच्या खेपेला."

"नाय गो बाय. बापूस व्हता तवर मी तुला गिऱ्हाईक ठेवलं, परत यावीस म्हनून. गावच्या लेकीकडना तरीचे पैसे आमच्या घरात कोनी घेतले नायत. मी घेतले, माला झोप लागत नाय. आता येशील ती म्हायेराला येशील. सकाळच्या पान्याला ये, मी होडी घेऊन उभा ऱ्हातो."

ती रडली, आम्ही तिघंही रडलो, ते लिहायला नको. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ओढणीचं टोक पुढे केलं. त्या दिवशी तिने ओढणी घेतली होती. मामांनी नोट माझ्या हातात दिली आणि मी ती तिच्या ओढणीत बांधली, अंगठा आत घेऊन, काका वेल बांधायचे तशी. बोर्डावर लिहिल्याप्रमाणे पैसे पूर्ण परत झाले.